शाळा सुटल्यावरच्या केंद्रातल्या ताई-दादांना नेमकं काय यायला हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शाळा सुटल्यानंतर तीन तास चालणारं केंद्र तुम्ही सुरू करताय. ६ ते १३ वयाची ४० मुलं आहेत. चार तरुण कार्यकर्ते नेमलेत. चौघांनाही मुलांची आवड आहे, पण शिक्षणशास्त्राची पदवी एकाकडेही नाही. हाताशी एक महिना आहे. या महिन्यात त्यांना काय शिकवायचं, आणि पदवी नसल्याची किती काळजी करायची?

मी या कामात २२ वर्षं आहे. पहिली नऊ मुलांमध्ये गेली, पुढची मुलांमध्ये काम करणाऱ्यांना तयार करण्यात. उत्तर लांबणार आहे, आणि काही बाबतींत माझी मतं हट्टी आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

पदवीचं आधी उरकून टाकू. स्वीडनमध्ये शाळेनंतरच्या केंद्रांत काम करणाऱ्या शिक्षकांसाठी विद्यापीठात तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. म्हणजे या कामाला अभ्यास लागतो हे खरंच. पण तो अभ्यास वर्गात शिकवण्याच्या अभ्यासाहून वेगळा आहे, म्हणून तर तो स्वतंत्र ठेवलाय. अध्यापनाची पदवी घेऊन आलेली काही चांगली माणसं माझ्याकडे पहिल्याच महिन्यात थकून गेली. मुलं दिवसभर शाळेत बसून आलेली, आणि हे पुन्हा फळ्यासमोर उभे. उलट एक मुलगा आधी हॉटेलात वाढपी होता. दहा टेबलांवर एकाच वेळी नजर कशी ठेवायची हे त्याला मुरलेलं होतं. आमच्याकडे तो सगळ्यांत लवकर तयार झाला. चौघांत एखादा तरी बालविकास किंवा समाजकार्य शिकलेला असेल तर चांगलंच, नसेल तर अडून बसू नका.

मुलांची आवड असण्याबद्दल मात्र सावध राहा. मुलाखतीला येणारा प्रत्येक जण ‘मला मुलं खूप आवडतात’ म्हणतो. त्याला आपल्याभोवती जमणारी, हसणारी, गोष्ट ऐकणारी मुलं आवडत असतात. शाळा सुटल्यावर चार वाजता दारातून आत येतं ते मूल तसं नसतं. ते भुकेलेलं असतं, शाळेत कुणाशी तरी बिनसलेलं असतं, पाच-सहा तास सांगितलं तसं बसून त्याचा संयम संपलेला असतो. त्या मुलाबरोबर तुमचा माणूस कसा वागतो हे बघायचं असतं. म्हणून मी मुलाखत खुर्चीत घेत नाही. उमेदवाराला केंद्रात अर्धा तास बसवते, मग विचारते, ‘काय दिसलं?’ ‘मुलं छान आहेत’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘निळ्या दप्तराची मुलगी तीनदा खेळणाऱ्यांजवळ जाऊन परत आली’ असं सांगणारा माणूस मला हवा असतो. तुमचे चौघं नेमून झालेत, तरी हा अर्धा तास पहिल्याच दिवशी करून घ्या. कोण काय पाहतो ते कळेल.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे उपक्रमांची शिदोरी : कागदकाम, खेळ, गाणी, विज्ञानाचे प्रयोग. ते सगळं हवं, पण त्यानं केंद्र चालत नाही. नळ गळतो तो सांध्यात. केंद्राचा दिवसही सांध्यांतच गळतो : येण्याची दहा मिनिटं, खाण्याकडून गृहपाठाकडे वळणं, आतून मैदानावर जाणं, मैदानावरून परत येणं, घरी सोडणं. आमच्याकडे घटनांची वही असते. पडणं, मारामारी, रडणं, हरवणं, जे घडेल ते वेळेसह त्यात लिहायचं. एका सुट्टीत मी तीन वर्षांच्या वह्या घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की उपक्रम रंगात असताना फारसं काही घडतच नव्हतं. घडत होतं ते एक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या मिनिटांत. तेव्हापासून मी प्रशिक्षणाची सुरुवात सांध्यांपासून करते.

पहिला सांधा, आत येणं. एक माणूस दारात उभा हवा आणि त्याला दुसरं काहीही काम नको. त्यानं प्रत्येक मुलाचं नाव घ्यायचं, चेहरा बघायचा, हजेरीला खूण करायची. ‘आज शाळेत काय शिकवलं?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं आणि ते बरोबरच असतं. मग पाणी, स्वच्छतागृह, खाणं आणि निदान २० मिनिटं कुणी काही न सांगण्याची. या २० मिनिटांत तुमचे लोक नाश्ता वाढतील, पण त्यांचं खरं काम वाचन आहे : आज कोण गप्प आहे, कोण ढकलतंय, कोण नेहमीच्या मैत्रिणीपासून लांब बसलंय. पुढच्या दोन तासांतली निम्मी भांडणं इथे आधीच दिसतात.

मोजण्याबद्दल माझीच एक चूक सांगते. तिसऱ्या वर्षी मैदानावरून परतताना मी दारात डोकी मोजली. २३ नेली होती, २३ भरली. दहा मिनिटांनी कळलं की आमचा एक मुलगा मैदानाजवळच्या स्वच्छतागृहातच राहिलाय, आणि आकडा भरला होता तो कुणाचा तरी धाकटा भाऊ रांगेत घुसल्यामुळे. मुलगा सुखरूप होता, रडतही नव्हता. हात धुतल्यावर साबणाचे फुगे काढत बसला होता. माझे मात्र हातपाय गळाले होते. तेव्हापासून नियम असा की नुसता आकडा मोजायचा नाही, यादी हातात घेऊन नाव आणि चेहरा जुळवायचा, आणि दर उंबरठ्यावर जुळवायचा. मूल सापडलं नाही तर कोण शोधायला जाईल, बाकीच्यांजवळ कोण थांबेल, पालकांना आणि पोलिसांना फोन कोण आणि किती मिनिटांनी करेल, हे कागदावर ठरवून त्याचा सराव करून घ्या. सराव म्हणजे खरोखर करून बघणं. आमच्या पहिल्या सरावात चौघंही शोधायला धावले आणि ३० मुलं एकटी राहिली.

यावरून संख्येचं सांगते. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी १० ते १५ मुलांमागे एक मोठा माणूस हा बऱ्याच ठिकाणी धरला जाणारा हिशोब आहे. ४० ला चार म्हणजे कागदावर तुम्ही ठीक आहात. पण एक आजारी पडला आणि दुसरा खरचटलेल्या मुलाबरोबर आत गेला की उरतात दोन. म्हणून चौघांनाही सगळी कामं यायला हवीत, आणि ऐनवेळी बोलावता येईल असा पाचवा माणूस आधीच तयार करून ठेवा. बदली माणसाला फक्त दार आणि यादी शिकवली तरी पहिल्या दिवशी भागतं.

एका कामातून दुसऱ्यात नेणं ही हातोटी आहे आणि ती शिकवता येते. संपण्याआधी पाच मिनिटं सांगायचं, मग एक मिनिट आधी पुन्हा. सूचना एका वेळी एकच, आणि काय करायचं ते सांगणारी. ‘पळू नका’ यातून मुलाला ‘पळू’ तेवढं ऐकू जातं. ‘भिंतीच्या कडेनं चालत जा’ म्हटलं की पायांना काम मिळतं. ४० मुलांना एकदम हलवायचं नाही, आठ-आठ करून हलवायचं. पुढच्या ठिकाणी कुणीतरी आधीच पोचून काम मांडून बसलेलं हवं, म्हणजे पहिल्यांदा पोचलेल्या आठांना वाट बघावी लागत नाही. रिकामी वाट बघणं हेच भांडणाचं बी. स्वमग्न मुलांना किंवा बदल जड जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हे सगळं चित्रांच्या पट्टीवर दाखवता आलं तर फारच बरं. अशा मुलांच्या पालकांना एकच प्रश्न विचारा : ‘ती अस्वस्थ झाली की घरी तुम्ही काय करता?’ त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडतं.

आता शिस्त. नवे लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना दोनच वाटा माहीत असतात : धाक किंवा मैत्री. धाकवाला आवाज चढवतो, मैत्रीवाला दोन आठवड्यांनी हताश होऊन धाकवाला होतो. यावर एक जुना प्रयोग मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण तो शाळेनंतरच्या मंडळांवरच झाला होता. अमेरिकेतल्या आयोवात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांची छोटी छंदमंडळं चालवली आणि १९३९ मध्ये त्यावरचा निबंध छापला. मुलं मुखवटे करणं वगैरे हस्तकाम करायची. काही काळ मंडळाचा प्रमुख सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडायचा, काही काळ मुलांबरोबर ठरवायचा, काही काळ नुसताच हजर राहायचा. हुकमाखाली काम भरपूर व्हायचं, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की ते ढेपाळायचं. मिळून ठरवलेल्या मंडळात तो बाहेर गेला तरी काम बऱ्यापैकी चालू राहायचं. नुसत्या हजर राहणाऱ्याच्या मंडळात तो असतानाही फार काही होत नव्हतं.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. हे प्रमुख आलटूनपालटून तिन्ही पद्धतींनी वागत होते. म्हणजे वागण्याची पद्धत जन्मजात स्वभावावर सोडलेली नव्हती, ती शिकून घेतलेली होती. ‘माझा स्वभावच तापट आहे’ म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला मी एवढंच ऐकवते. आणि कुणाची तयारी कितपत झाली हे बघायचं असेल तर त्याच्या गटाकडे तो पाठमोरा असताना बघते.

प्रत्यक्षात काय शिकवायचं? आवाज चढवण्याऐवजी जवळ जाणं. दूरवरून नाव घेऊन ओरडलं की त्या मुलाला ४० जणांसमोर उत्तर द्यावं लागतं, आणि अकरा वर्षांचं मूल ४० जणांसमोर कधीच माघार घेत नाही. जवळ जा, बाजूला उभे राहा, हळू बोला. मूल भडकलेलं असताना समजावणं म्हणजे उकळत्या दुधाला उपदेश. आधी आच कमी करा : पाणी, जागा, कमी शब्द, आणि तुमचा स्वतःचा श्वास जागेवर. बोलणं नंतर, पण त्याच दिवशी. त्या बोलण्यात तीन गोष्टी याव्यात : काय झालं, कुणाला काय वाटलं, आता भरून कसं काढायचं. ‘सॉरी म्हण’ हे यात बसत नाही. मुलं ते दोन सेकंदांत म्हणून मोकळी होतात. पाडलेला मनोरा पुन्हा रचू लागणं यात बसतं.

आणि लिहून ठेवणं. वारंवार होणाऱ्या वागण्याच्या आधी काय झालं, नेमकं काय झालं, लगेच नंतर काय झालं, असे तीन रकाने. आमच्याकडे एका मुलीच्या पोटात अधूनमधून दुखायचं. कुणी म्हणालं भूक, कुणी म्हणालं नाटक. एका नव्या ताईनं तीन आठवडे हे रकाने भरले. दुखायचं ते फक्त सगळ्यांनी आळीपाळीनं मोठ्यानं वाचायच्या दिवशी, आणि वाचन उरकलं की पोट बरं. आम्ही गोलात बसून वाचणं बंद केलं, तिला एका लहान मुलाला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायला बसवलं, आणि पालकांना सांगून वाचनाची तपासणी करवली. ताईनं निदान केलं नाही, करायचंही नसतं. ‘तुमच्या मुलीला अमुक अडचण आहे’ असं पालकांना सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. ‘आम्हाला अमुक दिवशी अमुक दिसलं’ एवढंच आपलं.

बालसुरक्षेचा भाग मी कधीच धावता घेत नाही, पूर्ण एक दिवस देते. नेमण्याआधी ओळख, आधीच्या कामाच्या ठिकाणी चौकशी, पोलीस पडताळणी. ही कामं संकोच न करता करा, ओळखीतल्या माणसाचीही करा. ओळखीतल्याची आधी करा. मग रोजचे नियम : मुलाबरोबर एकटं बंद दाराआड राहायचं नाही, दुसऱ्याला दिसेल अशा जागी बसायचं. खासगी क्रमांकावरून मुलांशी निरोप नाहीत. आपल्या फोनमध्ये मुलांचे फोटो नाहीत. स्पर्श मुलाच्या गरजेचा असावा, आपल्या हौसेचा नको. हे नियम मुलांना वाचवतात आणि प्रामाणिक कार्यकर्त्यालाही.

मूल काही सांगू लागलं तर काय करायचं, याची नाटुकली बसवून तालीम घ्या. नुसतं सांगून हे जमत नाही, कारण त्या क्षणी माणूस हादरतो. चेहऱ्यावर धक्का दाखवायचा नाही. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, ते पाळता येणार नसतं. खोदून विचारायचं नाही, विशेषतः उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत. ‘काकांनी केलं का?’ असं विचारलं की पुढची चौकशीच बिघडते. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही, मदत करू शकेल अशा माणसाला मला हे सांगावं लागेल,’ एवढं म्हणायचं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, तारीख-वेळ घालायची आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे द्यायचे. छडा लावणं आपलं काम नाही. अशी माहिती पुढे कळवणं तुमच्या इथल्या कायद्यानुसार कुणाकुणावर बंधनकारक आहे हे चौघांनाही तोंडपाठ हवं.

घरी सोडण्याचा सांधाही याच खात्यात. यादीत नाव असलेल्याच माणसाच्या हाती मूल द्यायचं. ‘मी मामा आहे, ती ओळखते मला’ हे पुरेसं नाही, आधी पालकांना फोन. न्यायला आलेला माणूस नशेत असेल तर? उशीर करणारे पालक रोज उशीर करत असतील तर? याची उत्तरं ठरवण्याची जबाबदारी तुमची, २२ वर्षांच्या कार्यकर्त्याच्या गळ्यात ती टाकू नका. त्याला फक्त इतकंच माहीत हवं की अशा वेळी मूल सोडायचं नाही आणि तुम्हाला बोलवायचं.

प्रथमोपचार थोडक्यात सांगते, कारण तो चोपडीतून शिकायचा विषयच नाही. मान्यताप्राप्त संस्थेकडून, हातानं पुतळ्यावर करून, चौघांनाही. प्रमाणपत्रं साधारण दोन वर्षांनी नव्यानं घ्यावी लागतात, ती तारीख भिंतीवर लावा. पण चार जुने समज लगेच काढून टाका. घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आलं, तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबायचा. भाजलं तर टूथपेस्ट नाही, वाहतं गार पाणी २० मिनिटं. फेफरं आलं तर तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आसपासच्या वस्तू दूर करून घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर तातडीची वैद्यकीय मदत. डोक्याला मार लागलेलं मूल ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी त्या दिवशी पुन्हा खेळायला उतरवायचं नाही आणि पालकांना कळवायचंच. ॲलर्जी आणि दमा असलेल्या मुलांची यादी औषधांसह जिथे खाणं वाढलं जातं तिथे हवी. कार्यालयाच्या कपाटात ती असून नसल्यासारखी.

गृहपाठ. पालकांना हा हवाच असतो आणि तुमचे लोक इथे हमखास फसतात, कारण उत्तर सांगून टाकणं सर्वांत सोपं. त्यांना थांबायला शिकवा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवर काम केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. घड्याळ लावून चौघांना थांबायला सांगा, किती जड जातं ते कळेल. ‘कळलं का?’ याऐवजी ‘गणितात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणायला शिकवा. अडलेल्या मुलाला पुढची एकच पायरी दाखवायची, मग हात काढून घ्यायचा. आणि गृहपाठाला वेळेची कड असू द्या. आमच्याकडे लहानांना २० मिनिटं, मोठ्यांना ४०. उरला तर वहीत चिठ्ठी : ‘इथपर्यंत झाला, इथे अडला.’ शिक्षकांना ही चिठ्ठी पूर्ण केलेल्या गृहपाठापेक्षा जास्त सांगते. शाळा आणि पालक पहिले दोन महिने कुरकुरतील. कुरकुरू द्या.

कौतुक कसं करायचं हेही शिकवावं लागतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये छापलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढे सोपं काम निवडू लागली आणि एकदा हरल्यावर लवकर सोडून देऊ लागली. मेहनतीचं कौतुक झालेली तशी वागली नाहीत. माझ्या लोकांना मी ‘व्वा, छान’ पंधरा दिवस बंदच करते. जे दिसलं ते म्हणा : ‘तीनदा पडला मनोरा, चौथ्यांदा खाली रुंद विटा घेतल्यास.’ मुलाला कळतं की कुणीतरी खरंच बघत होतं.

खेळाबद्दल बोलायला लागले तर थांबणार नाही, म्हणून एकच गोष्ट. १९४३ मध्ये, जर्मनांचा ताबा असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात एक वेगळंच मैदान सुरू झालं. झोपाळे-घसरगुंड्या नव्हत्या. लाकडं, विटा, माती आणि हत्यारं होती, आणि मुलं त्यातून हवं ते बांधायची. कल्पना कार्ल थेओडोर सोरेन्सेन या उद्यानरचनाकाराची. तिथे नेमलेला पहिला खेळप्रमुख होता जॉन बर्टेल्सन. शिकवण्यासाठी नाही तर सामान पुरवण्यासाठी, धोक्यावर नजर ठेवण्यासाठी आणि गरज पडली तरच मध्ये येण्यासाठी मोठा माणूस नेमायचा, हा विचार तिथून पुढे बऱ्याच देशांत गेला. तुमच्या वेळापत्रकात रोज निदान ४० मिनिटं अशी हवीत की ज्यात काय खेळायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं नाही. ही मिनिटं कार्यकर्त्यांच्या विश्रांतीची मात्र नाहीत. फोन खिशात, पाठ भिंतीकडे, चौघं चार कोपऱ्यांत, नजर फिरती. झाडावर चढलेल्या मुलाला ‘उतर’ म्हणण्याआधी स्वतःला विचारायचं : त्याला दिसणारा धोका आहे की न दिसणारा? फांदी उंच आहे हे त्याला दिसतंय. ती कुजलीय हे दिसत नाही. न दिसणारा धोका असेल तेव्हाच बोलायचं.

मग उपक्रम नकोतच का? हवेत. पण सुटेसुटे नकोत. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या कार्यक्रमांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. कौशल्य टप्प्याटप्प्यानं शिकवणारे, मुलांना प्रत्यक्ष करायला लावणारे, त्यासाठी वेगळा वेळ राखणारे आणि काय शिकवायचंय हे स्पष्ट ठरवणारे कार्यक्रम मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासात फरक पाडताना दिसले. या चारही गोष्टी एकत्र नसलेल्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणून आज मातीकाम, उद्या जादू, परवा नाच अशी जत्रा भरवू नका. प्रत्येक कार्यकर्त्याला स्वतःला मनापासून येणारी एकच गोष्ट घेऊ द्या आणि ती दहा आठवडे चालवू द्या. सायकल दुरुस्त करणारा दादा दहा आठवड्यांत जे देईल ते दहा पाहुणे मिळून देणार नाहीत.

११ ते १३ च्या मुलांचा विचार वेगळा करा. त्यांना सहा वर्षांच्यांबरोबर गोलात बसवलं की ती दुसऱ्या महिन्यात येणं बंद करतात, आणि पालकांना वाटतं मूल मोठं झालं. त्यांना खरं काम हवं : साहित्याच्या कपाटाची किल्ली, सामन्याचं वेळापत्रक, लहानांना खेळ शिकवणं. फोनबद्दलचा नियम त्यांच्याबरोबर बसून ठरवा आणि तोच कार्यकर्त्यांनाही लावा. अर्ध्या भांडणांचा तिथेच निकाल लागतो.

पालकांशी दारातली दोन मिनिटं हा शेवटचा सांधा, आणि इथे चांगले चांगले घसरतात. मुलाच्या डोक्यावरून त्याचीच तक्रार करायची नाही. गंभीर असेल तर ‘उद्या दहा मिनिटं बोलूया’ एवढंच. रोज दारात एखादी खरी, बारीक गोष्ट सांगायची सवय लागली की अवघड गोष्ट सांगायच्या दिवशी पालक ऐकून घेतात.

महिन्याची आखणी मी अशी करेन. पहिला आठवडा चौघांना दुसऱ्या एखाद्या चालत्या केंद्रात बघायला पाठवा, बोलायची परवानगी न देता, फक्त वही घेऊन. दुसऱ्यात प्रथमोपचार आणि बालसुरक्षा. तिसरा आठवडा तुमच्याच रिकाम्या जागेत सांध्यांची तालीम : दोघं मुलं व्हा, दोघं कार्यकर्ते, आणि मुलं झालेल्यांनी मनसोक्त त्रास द्या. हसून हसून पुरेवाट होते, पण हात बसतो. चौथ्यात दहा-बारा मुलांवर चार दिवस चालवून बघा. सगळी ४० पहिल्याच दिवशी घेऊ नका.

पुढचं खरं प्रशिक्षण मुलं गेल्यावरच्या २० मिनिटांत होतं. चौघं बसले, आज कोण कसं होतं, कुठला सांधा गळला, उद्या काय बदलायचं. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः अर्धा तास एकेकाचं काम बघा आणि त्याच दिवशी सांगा, दोन वाक्यांत. ‘तू चांगलं करतोस’ नको. ‘तू टेबल पुसत होतास तेव्हा तुझी पाठ १४ मुलांकडे होती’ असं.

आणि ही २० मिनिटं, तसंच मुलं येण्याआधीचा मांडामांडीचा अर्धा तास, पगारात धरा. मी सुरुवातीला धरला नव्हता. तीन तास मुलं, तीन तासांचे पैसे, असा हिशोब. लोक मुलांबरोबरच धावत आत यायचे, मुलांबरोबरच बाहेर पडायचे, आणि वर्षाच्या आत निम्मे सोडून गेले. दर नव्या माणसाबरोबर मुलं पुन्हा पहिल्यापासून पारखायला लागायची, आणि मी पुन्हा दारातली यादी शिकवायला.